उजवा हात न लागणारा एडिटर

माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून किती पोरं बाहेर पडली याची मोजदाद मी ठेवलेली नाही. काही कोर्टात कारकून झाली, काही झेडपीत चिकटली, काही लग्नाची पत्रिका घेऊन आली आणि तिथून पुढे टायपिंग विसरली. आधार सोनवणे मात्र विसरायचा म्हटला तरी विसरला जात नाही. मी त्याच्यावर जेवढा चिडलो तेवढा आयुष्यात कुणावर चिडलो नसेन. माझ्या घरच्यांना विचारा, मी किती चिडतो ते.

आधार साक्रीकडच्या एका खेड्यातला. धुळ्याला बी. कॉम. केलं आणि कामाच्या शोधात जळगावला आला. नवीपेठेत जिना चढून वर माझी इन्स्टिट्यूट. मशीनवर मी पत्र्याची झाकणं बसवून घेतली होती. हात झाकणाखाली, डोळे समोरच्या कागदावर, कळा दिसायचं नावच नाही. ज्या बोटाची जी कळ, ती त्याच बोटानं मारायची. कुणी वाकून बघितलं की माझी लाकडी पट्टी तयार. पोरं रडकुंडीला यायची, चारचौघांत मला शिव्या द्यायची. या पठ्ठ्यानं मात्र तो नियम असा अंगी भिनवला की झाकण काढलं तरी त्याची मान खाली जाईना. दहाही बोटं चालायला लागली की बाकीची पोरं आपलं काम सोडून त्याच्याकडे बघत बसायची. मग मला ओरडावं लागायचं.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर अभिमनशेठनं कॉम्प्युटरचं काम सुरू केलं, नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. सोसायट्या, पतपेढ्या, आडतदार यांना हिशेबाचे प्रोग्राम लिहून द्यायचे. शेठ मला म्हणाला, "नाना, एक चांगला पोरगा द्या." मी आधार दिला. वर्षभरात आधार स्वतः प्रोग्राम लिहायला लागला. प्रोग्राम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. आपला टाइपरायटरच म्हणा, फक्त कागदाऐवजी पडद्यावर उमटतो. आधार त्या एडिटरवर बसला की शेठ गिऱ्हाइकांना मुद्दाम आत आणून उभं करायचा. "बघा, आमचा प्रोग्रामर." आधार वळूनसुद्धा बघायचा नाही. पण खूश असायचा, मला कळायचं ना!

दिवाळीला गावी गेला. शेजाऱ्यांनी नवीन विजेची कुट्टी आणली होती, कडबा कापायची. गुरांना चारा टाकायचा म्हणून हा हौसेनं पेंढ्या सरकवायला उभा राहिला. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला आणि पहिल्या बोटाचं अर्धं पेर राहिलं. धुळ्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं हात चादरीखाली घातला. मी म्हटलं, "अरे, दाखव तरी." तो म्हणाला, "नाना, संक्रांतीनंतर कामावर येतो." जणू मी तेच विचारायला गेलो होतो.

आला. उजवा हात पँटच्या खिशात. ऑफिसात खिशात, रस्त्यात खिशात, शेठशी बोलताना खिशात. त्याची बायको लताबाई एका दुपारी माझ्याकडे आली. शिरपूरची पोरगी, भारी समजूतदार. खुर्चीच्या कडेवर बसली आणि पदराशी चाळा करत राहिली.

"नाना, ते घरात पण हात दाखवत नाहीत. पट्टी मोरीत जाऊन आतून कडी लावून बदलतात. डाव्या हातानं खातात, म्हणून माझ्यासमोर जेवत नाहीत. नणंदेच्या लग्नाच्या पंगतीला बसले नाहीत, सासूबाई रडल्या. म्हणतात, ज्या दिवशी लोक म्हणतील ना की हा बोटं गेलेला प्रोग्रामर, त्या दिवशी मी संपलो." मग ती खाली बघून म्हणाली, "सकाळी मेहरूण तलावाकडे फिरायला जातात. परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

मला वाटलं, शेठच त्याला टोचून बोलत असणार. मी रागारागात खाली शेठकडे गेलो. शेठ वाईट माणूस नव्हता, पण धंदेवाला होता. म्हणाला, "नाना, मी त्याला काढत नाही. पण खुर्चीवर बसून नुसतं पडद्याकडे बघतो हो तो. मी आत गेलो की हात थांबतो. जामनेरच्या फळ सोसायटीचा प्रोग्राम त्यानंच लिहिलाय, तिथं दुरुस्त्या निघताहेत. तिथं गिऱ्हाइकासमोर बसून त्यानं दुरुस्ती करून दाखवावी. जमलं तर खुर्ची त्याची. नाही जमलं तर मी नवा पोरगा बघतो, आधार पावत्या-पत्रव्यवहार सांभाळील." हे त्यानं आधारलाही सांगितलेलं होतं.

म्हणजे गोष्ट सरळ होती. खुर्ची टिकवायची तर लोकांसमोर टाइप करायचं, आणि लोकांसमोर टाइप करायचं तर हात काढायचा. आधारला खुर्ची हवी होती आणि हात काढायचा नव्हता.

मी इन्स्टिट्यूटला एक कॉम्प्युटर घेतला होता. दुपारी बॅच नसते तेव्हा आधार येऊन त्यावर बसायला लागला. सोबत फ्लॉपीचा डबा. त्या काळात एडिटरला जोडायच्या बारीकसारीक सोयी फ्लॉपीवरून हातोहात फिरायच्या. युटिलिटी म्हणायचे त्यांना. कुणी पुण्याहून आणायचा, कुणी नाशिकच्या मित्राकडून, कुणी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरून. आधारनं झाडून सगळ्यांकडून मागवल्या. एकेक चढवायचा, बघायचा, उतरवायचा. एकीनं शब्द रंगीबेरंगी व्हायचे. मी म्हटलं, "ही काय रंगपंचमी?" एक कोपऱ्यात घड्याळ दाखवायची. एक पडदा मधोमध चिरून दोन फायली शेजारी शेजारी मांडायची. कुणालाही हरखून जायला झालं असतं. आधार म्हणायचा, "हिचा उपयोग नाही," आणि पुढची घालायचा. त्याला एकच गोष्ट हवी होती. ज्यात उजवा हात लागतच नाही असा एडिटर.

मी त्याला म्हटलं, "गाढवा, एवढी उठाठेव कशाला? खाली बघ आणि डाव्या हातानं एकेक कळ शोधून मार. बँकेतले साहेब मारतात तसं."

"तुम्ही सांगताय हे, नाना?"

"हो, मीच सांगतोय! खड्ड्यात गेली ती पत्र्याची झाकणं."

त्यानं ऐकलं नाही. एवढी वर्षं ज्यांना पट्टी मारून मान वर ठेवायला लावली, त्यातल्या एकाला आता मी मान खाली घाल म्हणून विनवत होतो, आणि तो ऐकत नव्हता! काय करावं अशा माणसाचं? बरं, त्याचंही खोटं नव्हतं. तो टाइप करायला लागला की नसलेली बोटंही चालायची. खिशातल्या खिशात हात हलताना मला दिसायचा. पडद्यावर फक्त डाव्या हाताची अक्षरं उमटायची, उजव्याची गळून जायची. अर्धेमुर्धे, तोंडात दात नसल्यासारखे शब्द. ते बघून तो एकदा टेबलावर डोकं टेकून बसला. मी पाणी आणून ठेवलं. प्यायला नाही.

त्यातूनच त्याला मार्ग सुचला. प्रोग्रामच्या भाषेत शब्द असून असून किती, थोडेच. डाव्या हाताची अक्षरं मिळाली की बहुतेक शब्द ओळखता येतात. होस्टेलवरून आलेल्या एका युटिलिटीत छोट्या खुणेवरून पूर्ण शब्द उमटवायची सोय होती. आधारनं तिला एकेक शब्द शिकवला. तो डाव्या हाताची अक्षरं मारायचा आणि युटिलिटी उजव्याची भरून द्यायची. तिला आम्ही भरणारी म्हणायला लागलो. दुसरी मिळाली ती धरणारी. कंट्रोल किंवा शिफ्ट एका हातानं धरून दुसऱ्या हातानं लांबची कळ दाबायची असते. एका हाताला ते झेपत नाही, ताणलं तर मधलीच कळ दाबली जाते. धरणारी असली की कंट्रोल एकदा दाबून सोडायची, ती धरलेलीच राहते. तिसरी उघडलेला कंस आपोआप बंद करायची. तिला आम्ही मिटवणारी म्हणत होतो.

तिन्ही एकदम चढवून आधारनं माझ्यासमोर अख्खं पान लिहून दाखवलं. मान वर, डावा हात चालतोय, उजवा खिशात. लताबाई दारात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. मीही, खरं सांगतो, बाहेर जाऊन नाक शिंकरून आलो. आधार म्हणाला, "नाना, आता कुणाला कळणारसुद्धा नाही." आणि कित्येक दिवसांनी हसला.

जामनेरला जायचा दिवस ठरला. लताबाई म्हणाली, "नाना, तुम्ही जा सोबत." शेठ मोटारसायकलवर पुढे गेला होता. आम्ही एस. टी.नं निघालो. आधारनं फ्लॉपीचा डबा मांडीवर घट्ट धरला होता.

सोसायटीच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, वर केळीची पानं झाकलेली. घडाच्या वजनातून दांड्याचं वजन वजा करायची रीत संचालक मंडळानं बदलली होती, आणि प्रोग्राम जुन्याच रीतीनं पावत्या काढत होता. म्हणून काटा बंद ठेवलेला. ऊन तापायला लागलेलं. कापलेली केळी उन्हात उभी, दिल्लीचे ट्रक बाहेर उभे, शेतकरी आमच्याकडे असे बघत होते की आम्हीच त्यांचा माल अडवलाय. चेअरमन चुडामण आबा, पांढरं धोतर, हातात काठी, कॉम्प्युटरच्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "चला बाबा, आटपा लवकर."

आधारनं फ्लॉपी घातली. पहिली युटिलिटी चढली. दुसरीला पडद्यावर ओळ आली, मेमरी पुरत नाही.

या युटिलिट्या मेमरीत जागा धरून बसतात, एस. टी.च्या सीटवर रुमाल टाकतात ना, तसं. आणि तिथल्या सीटा आधीच भरलेल्या होत्या. सोसायटीच्या पावत्या मराठीत निघायच्या. मराठी अक्षरं छापायचा प्रोग्राम मशीन चालू झालं की आधी येऊन बसायचा, आणि तो काढला तर पावतीच निघत नाही. बरं, तो तिथं बसवला कुणी? आधारनं! स्वतःच्या हातानं, मागच्या वर्षी. माझ्या मशीनवर मराठी नव्हतंच. एवढे दिवस आम्ही दोघं शहाणे सगळं माझ्या मशीनवर घासूनपुसून बघत बसलो आणि जामनेरला मराठी आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"नाना," आधार हळूच म्हणाला, "एकच बसते."

मला वाटलं तो भरणारी घेईल. शब्द भराभर आले असते, काम आटपलं असतं. पण मग कंट्रोल-शिफ्टसाठी दुसरा हात लागला असता. त्यानं धरणारी घेतली. हात खिशातच राहिला.

आणि मग जे झालं ते मला बघवेना. मान वर ठेवून डावा हात सगळ्या कीबोर्डवर फिरवायचा. डावीकडे घरचा होता तो, उजवीकडे गेला की चुकायचा. एक शब्द लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. मी कानाशी म्हटलं, "खाली बघ, बाबा. खाली बघ." तो बघेना. मानेवरून घामाचे ओघळ चाललेले. खिडकीतून शेतकरी डोकावायला लागले. कुणीतरी म्हणालं, "हा शिकाऊ शे का?" दुसरा म्हणाला, "एका हातानं काय करतोय, दुसरा हात काय बँकेत ठेवलाय?" खिडकीवर हशा पिकला. आधारचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, हा आता उठून सरळ बाहेर जाईल आणि जळगावला परतणारच नाही. मला मेहरूण तलाव आठवला. मी दारात जाऊन उभा राहिलो, अडवायला.

शेठ पुढे झाला. आवाज खाली ठेवूनच म्हणाला, "आधार, ऊठ. राहू दे. मी भुसावळहून माणूस बोलावतो, तासाभरात येईल."

"तासभर?" आबा म्हणाले. "माल काळा पडेल की!"

आधार उठला. मी दाराची चौकट धरली. पण तो दाराकडे आला नाही. उभ्याउभ्या त्यानं मशीनचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, म्हणजे धरणारी उतरली. मराठी येऊन बसू दिलं. मग खाली बसून फ्लॉपीवरून भरणारी चढवली. धरणारी त्यानं चढवलीच नाही.

आणि खिशातून हात काढला.

मीसुद्धा तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. सांगत नाही कसा होता. अजून पुरता भरलेला नव्हता. खिडकीतला हशा एकदम थांबला. शेठनं तोंड फिरवलं. आधारनं तो हात सगळ्यांच्या देखत कीबोर्डवर ठेवला, आणि डाव्या हातानं अक्षरं मारायला सुरुवात केली. पडद्यावर पूर्ण शब्द धडाधड यायला लागले. जिथं कंस लागला, कंट्रोल लागला, तिथं त्या अर्ध्या पेरानं कळ दाबली. प्रत्येक वेळी त्याचे ओठ आवळले जायचे. पण थांबला नाही. मान वरच होती.

खोलीत फक्त कळांचा आवाज होता. आबा खुर्चीतून वाकून बघत होते. पडद्याकडे नाही, हाताकडे.

"कुट्टीत गेला का रे?" त्यांनी विचारलं.

आधारचा हात क्षणभर थांबला. "हो, आबा."

"विजेच्या?"

"हो."

"माझ्या पुतण्याचा गेला मागल्या साली. मनगटापासून," आबा म्हणाले. "घरातून बाहेरच पडत नाही तो." मग काठी आपटून खिडकीकडे ओरडले, "काय तमाशा लावलाय रे? काट्यावर चला! गाड्या लावा!"

आधारनं प्रोग्राम चालवला. प्रिंटर करकरला. पहिली पावती आली. आबांनी चष्मा लावून ती वाचली, दांड्याची वजावट बोटानं ताडून बघितली आणि मान डोलावली. बाहेर बैलांचे घुंगरू वाजले, ट्रॅक्टर सुरू झाले. गाड्या एकामागून एक काट्यावर चढायला लागल्या.

शेठ आधारजवळ आला. त्याचेही डोळे भरले होते, उगाच का खोटं सांगू? शेवटी घसा खाकरून म्हणाला, "सोमवारी बोदवडच्या सोसायटीला जायचंय, आधार. तूच जा." आधार नुसता "बरं" म्हणाला आणि फ्लॉप्या गोळा करायला लागला.

परतीच्या गाडीत आम्हाला मागची सीट मिळाली. जीव भांड्यात पडला होता माझा. मी आपला बोलत सुटलो होतो. खुर्ची टिकली, लताबाईला सांगू, शेठला कसं गप्प बसवलं, आबा कसा भला माणूस निघाला. आधार खिडकीबाहेर बघत होता. हात मांडीवर तसाच होता, उघडा. शेजारच्या बाईनं बघितलं, तरी त्यानं खिशात घातला नाही. पेराची एक बाजू उकलली होती आणि पँटवर डाग पडला होता.

गाडी खड्ड्यातून उसळली. त्यानं डोळे गच्च मिटले.

"नाना," तो म्हणाला, "भलतं दुखी ऱ्हायनं."

जळगावला आल्यापासून तो माझ्याशी असा घरच्या बोलीत कधी बोलला नव्हता. आणि दुखतं म्हणून तर कुणाशीच बोलला नव्हता. बायकोशी नाही, आईशी नाही, धुळ्याच्या डॉक्टरशीसुद्धा नाही. मग तो रडायला लागला. भर गाडीत, मोठ्यानं, नाक पुसायचंही भान नव्हतं त्याला. कंडक्टर येऊन उभा राहिला, मी त्याला हातानंच पुढे जा म्हणून सांगितलं.

"कुठं दुखतंय?" मी एवढंच विचारलं.

त्यानं हात माझ्यापुढे धरला आणि दाखवलं.